थोरली अक्षरं

चित्रकथा वाचून पोरं बिघडतात असं म्हणणाऱ्या माणसाला माझ्या घरी दुसरा कप कॉफी मिळत नाही. पहिला मिळतो, कारण पाहुणा आहे. दुसऱ्याच्या वेळी मी जागची उठतच नाही.

मी काही शिकलेली बाई नव्हे. चाळीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांना कापड ठोकलं, दोन पोरं वाढवली, एक नवरा पुरला. पण आमच्या डोक्यावर छप्पर राहिलं ते पेर पेकेलमुळे, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. पेर पेकेल कोण हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. आमच्या रूपेल नदीपासून दोन तास लांब गेलात की त्याला कुणी ओळखत नाही. डच लोकांना त्याची भाषा गावंढळ वाटली, फ्रेंचवाल्यांना ती कळलीच नाही, मग पुढं जगात त्याला नेणार कोण? माझी सून कॅनडाची. तिनं एकदा शोधून पाहिलं. म्हणाली, "मा, इंटरनेटवर तर याचं नावसुद्धा नाही."

"मग इंटरनेट अडाणी आहे," मी म्हटलं.

पेर हा खारवलेले मासे विकणारा. एक हातगाडी, तिला जुंपलेला कुत्रा, कायम घसरलेला एक मोजा आणि तोंडात शिवी. रोज वर्तमानपत्राच्या मागच्या पानावर दोन ओळी, आठ चौकटी. आम्ही त्याला 'मान्नेकेस' म्हणायचो, म्हणजे छोटी माणसं. सोमवारी मासे विकायला निघालेला पेर शुक्रवारपर्यंत चंद्रावर पोचलेला असायचा, आणि तिथं उतरल्या उतरल्या विचारायचा, "इथं बटाटे पिकतात का हो?"

बाकीचं वर्तमानपत्र पाद्र्याच्या तोंडानं बोलायचं. पेर आमच्या गल्लीच्या तोंडानं बोलायचा. शाळेत आमच्या तोंडून बोलीतला एक शब्द निसटला की सिस्टर हातावर पट्टी ओढायच्या, "शुद्ध बोला!" आणि इथं तोच शब्द छापलेला! छापलेला, बरं का! पेरला एकदा शाळेत न्यावं आणि सिस्टरसमोर उभं करावं असं मला फार वाटायचं.

माझा बाप, गोमार स्प्राउत, वीटभट्टीवर वाढला. आम्ही त्याला 'पा' म्हणायचो. शाळेत पाठवायचा कायदा होता, पण कायदा काही भट्टीपर्यंत चालत यायचा नाही. बाप दोन हिवाळे शाळेत गेला. तिथं शिकवणाऱ्या मठातल्या ब्रदरनं त्याला शेवटच्या बाकावर बसवलं, रोज एकदा कान पिळला आणि हंगाम सुरू झाल्यावर हा मुलगा येईनासा झाला हे त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही. नऊ वर्षांचा असल्यापासून पा ओल्या विटांच्या गाड्या ढकलत होता. वाचता येत नाही हे त्यानं असं लपवलं होतं की कॅफेत तो वर्तमानपत्र उघडून बसायचा, पानं उलटायचा, आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, नेहमीचंच." कुणाला संशय आला नाही. वर्तमानपत्रात खरंच नेहमीचंच असतं.

अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात भरलेली गाडी त्याच्यावर उलटली. पाठ गेली. डॉक्टर म्हणाले, यापुढं वजन उचलायचं नाही. वीटभट्टीवर वजन उचलायचं नाही म्हणजे मासळीनं पोहायचं नाही.

तीन महिने तो स्वयंपाकघरात चुलीजवळ पलंगावर पडून होता. मी नऊ-दहा वर्षांची. शाळेतून आले की त्याच्या शेजारी बसून मान्नेकेस वाचून दाखवायची. एक दिवस त्यानं चौकटीवर बोट ठेवलं. "इथं पेर 'आयला, माझा मासा!' म्हणतोय ना?"

"तुला कसं कळलं?"

"त्याचा मासा मांजर नेतंय. मग काय तो प्रार्थना म्हणेल?"

तसं सुरू झालं. अशा वेळी माणूस काय बोलेल हे पाला ठाऊक असायचं, कारण तो स्वतः तेच बोलला असता. तो अंदाज करायचा, मग अक्षरं अंदाजाला जुळतात का ते बघायचा. वसंत येईस्तोवर तो एकटा वाचायला लागला. ओठ हलायचे, कपाळाला घाम यायचा, पण वाचायचा आणि हसायचा! मी मान्नेकेसची रोजची पट्टी कापून भिंतीला लावायच्या कागदाच्या नमुन्यांच्या एका जुन्या वहीत खळीनं चिकटवायची. ती वही त्याला तोंडपाठ झाली. लिहायलाही त्यातूनच शिकला, एकेक अक्षर गिरवत. मा, म्हणजे माझी आई, कौतुकानं म्हणायची, "आपली इर्मा सिस्टरपेक्षा भारी निघाली." मीही गावभर नाक वर करून फिरत होते. कशावरून वर केलंय हे मात्र कुणाला सांगायची सोय नव्हती.

आता खरी गोष्ट. आमचं घर भट्टीचं होतं आणि भट्टीचं घर भट्टीच्या माणसाला. मालकानं सांगून टाकलं, सर्व संतांच्या दिवसापर्यंत, म्हणजे पहिल्या नोव्हेंबरपर्यंत, घर मोकळं करा. दुसरीकडे जायचं म्हणजे शार्लरवा शहरात माच्या बहिणीकडे. तिची दोन खोल्यांची जागा, सगळी गल्ली फ्रेंच बोलणारी, आणि माझा बाप तिच्या खुर्चीत दिवसभर मुका बसून. तो मला म्हणाला होता, "तिथं मी सहा महिन्यांत मरेन, इर्मा." गमतीनं नव्हता म्हणाला.

तेवढ्यात कालव्यावरच्या उचलपुलाची जागा निघाली. त्याच वर्षी पुलाला मोटर बसवलेली, त्यामुळे चाक फिरवायला नको. बटण दाबायचं, पूल वर, बोट गेली, पूल खाली, आणि वहीत लिहायचं. सोबत पुलाशेजारचं घर, मागं कोंबड्यांपुरती जागा. अट एकच, लिहिता-वाचता आलं पाहिजे. मानं अर्ज भरला आणि शिक्षणाच्या रकान्यात ठोकून दिलं, 'सहा इयत्ता'.

"मातिल, हे खोटं आहे," पा म्हणाला.

"दोन हिवाळे तू गेलास, चार इर्मानं करून घेतले. गप बस."

परीक्षेचं बोलावणं आलं तेव्हा आम्ही ताकातली पेज खात होतो. मानं हात पुसून पाकीट फोडलं आणि मोठ्या ऐटीत पाच्या हातात दिलं. "वाचा आता, पूलवाले साहेब."

पानं कागद घेतला. बघितला. लांब धरला, जवळ धरला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "हे कुठल्या भाषेत आहे?"

मला वाटलं गंमत करतोय. मी कागद ओढून घेतला. साधी आपली भाषा, टाइप केलेली. आणि मग माझ्या लक्षात आलं.

आमच्या अक्षरांना दोन रूपं असतात, एक थोरलं, एक धाकटं. थोरलं नावाच्या आणि वाक्याच्या सुरुवातीला, ते सुद्धा एकच. बाकी सगळा संसार धाकट्यांचा. काही जोड्या सारख्या दिसतात, पण बऱ्याच अशा की एकाच आईची लेकरं म्हणून कुणी ओळखणार नाही. आणि मान्नेकेसच्या बोलण्याच्या फुग्यांत फक्त थोरली असतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत थोरली! मी सहा महिने त्याला शिकवलं, पण मान्नेकेसच शिकवलं. बाकीचं पान मीच वाचून दाखवत होते. माझ्या बापाला अर्धीच लिपी येत होती, आणि अर्धी म्हणजे जगात कुणी फारशी वापरत नाही ती.

"सहा महिने शिकवलंस आणि निम्मंच शिकवलंस?" मा ओरडली.

"मला काय माहीत! तुम्ही कुणी बघितलंत का?"

"तिला कशाला ओरडतेस," पा म्हणाला. त्यानं चमचा खाली ठेवला आणि पेज तशीच टाकून मागच्या दारी जाऊन उभा राहिला. परीक्षेला बारा दिवस उरले होते.

त्या दिवशी मी रडले. मग संतापले. आणि संतापले की मला बरं सुचतं, ते अजूनही तसंच आहे. मी ती वही काढली, केक भाजायचा पातळ कागद फुग्यांच्या मापानं कापला आणि प्रत्येक फुग्यावर चिकटवत गेले. वर तेच वाक्य, पण धाकट्या अक्षरांत. पाला वही तोंडपाठ. मासा मांजर नेतंय म्हटल्यावर पेर काय बोलतोय हे त्याला बघावंही लागत नव्हतं. आता फक्त कुठलं धाकटं कुणाचं हे जुळवायचं होतं.

"थांब थांब. हा इथं 'आयला' म्हणतोय. मग हा पोट सुटलेला म्हातारा म्हणजे तो शिडीवाला A?"

"हो, पा."

"काय दशा झाली बिचाऱ्याची!" आणि पुढच्या ओळीत, "आणि हे काय? या D चं पोट उजवीकडे होतं, आता डावीकडे आलं!"

"धाकट्यात तसंच असतं."

"का?"

"का म्हणजे? मी केलंय का ते!"

सकाळी शाळेआधी एक तास, दुपारी परत आल्यावर दोन. मा बटाटे सोलता सोलता प्रश्न विचारायची. सातव्या दिवशी त्यानं मिठाच्या पुड्यावरचं वाचलं. नवव्या दिवशी पाद्रीबुवांचं पत्रक वाचून म्हणाला, "यात काहीच घडत नाही." अकराव्या दिवशी परीक्षेचं बोलावणं अडखळत, पण अखेरपर्यंत वाचलं. मानं त्याच्या टकलाचा मुका घेतला. माझ्यासमोर! आमच्या घरात असलं काही होत नसे.

लिहायचं मात्र राहिलं. धाकटी अक्षरं त्याच्या हातात बसेनात, बोटं विटांनी जाड झालेली. लिहायला तो बसला की थोरलीच यायची, मोठी, चौकोनी, रांगेत रचलेली. शिवाय प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह. मान्नेकेसमध्ये तसंच असतं, स्वस्त कागदावर ठिपका उमटत नाही म्हणून. मी सांगून थकले, "पा, शेवटी नुसता ठिपका द्यायचा."

"ठिपका? तो तर माशीनं घाण केल्यासारखा दिसतो. वाक्य संपलंय हे दिसायला नको?"

मी हात टेकले.

परीक्षेला मला बरोबर पाठवलं, बसमध्ये त्याच्या पाठीला धक्का बसू नये म्हणून. सिस्टरना निरोप, इर्माचं पोट दुखतंय. कालव्याच्या ऑफिसात आठ-नऊ माणसं आली होती, त्यात आमच्याच गल्लीतला फिर्मिन. याच्या आठ इयत्ता झालेल्या, हस्ताक्षर असं वळणदार की लग्नपत्रिका लिहायला त्याला बोलवत.

"काय गोमार," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तू इकडे कसा? पुलाला विटा लावायच्यात होय?"

"तुझं तोंड बंद करायला लागतील तेवढ्याच," पा म्हणाला. पण त्याचा कान लाल झालेला मला दिसला.

आत शेगडी धुरत होती म्हणून दार उघडं ठेवलेलं. मी बाहेर बाकावर बसले होते, मला सगळं दिसत होतं. प्रश्न टाइप केलेला. पाचे ओठ हलत होते. इतरांनी लिहायला सुरुवात केली तरी हा वाचतोच आहे. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून मनात म्हणत होते, आयला, माझा मासा, आयला, माझा मासा. प्रार्थना एवढीच सुचली. मग एकदाचा त्यानं टाक उचलला.

प्रश्न असा होता. दाट धुकं आहे, मोटर जळून पूल अर्ध्यावर अडकला आहे. वरच्या बंधाऱ्यावरच्या माणसाला सायकलस्वाराबरोबर चिठ्ठी पाठवा.

तासाभरानं सगळे बाहेर व्हरांड्यात आले. इंजिनिअर साहेब, जाड चष्म्याचे, पाइप ओढणारे, एकेकाला आत बोलावू लागले. दार उघडंच. फिर्मिनचा कागद त्यांनी मोठ्यानं वाचला, "'महोदय, आपणांस अत्यंत आदरपूर्वक कळविण्यात येते की, आजच्या दिनांकास, हवामानाची परिस्थिती लक्षात घेता...' पूल अडकलाय हे सातव्या ओळीत येतं, फिर्मिन. तोवर बोट पुलावर आपटून बुडाली." व्हरांड्यात हशा पिकला.

मग पाला बोलावलं. साहेबांनी कागद उचलला आणि लगेच लांब धरला. मला बाकावरूनसुद्धा वाचता येत होतं.

एकही बोट सोडू नका! पूल अडकला! मोटर जळाली! काही दिसत नाही! माणूस पाठवा! गोमार!

साहेबांनी पाइप काढला. पुन्हा वाचलं. "तुमचं नावसुद्धा ओरडतंय," ते म्हणाले. मग हसले. "पण हे सायकलवरून न उतरता वाचता येईल. धुक्यातसुद्धा. असं स्पष्ट मी या खात्यात कुणाचं पाहिलं नाही." त्यांनी अर्ज पुढं ओढला. "सहा इयत्ता. तुमच्या गावच्या ब्रदरांच्या शाळेतल्या, नाही का? चांगलं शिकवतात हो. मी त्यांना दोन ओळी लिहून आभार कळवतो."

झालं! काम झालं होतं! पानं फक्त मान हलवायची होती. हो साहेब, एवढंच. मी बाकावरून त्याच्या पाठीकडे डोळे रोखून बसले होते, हो म्हण, पा, हो म्हण. घर त्या एका शब्दावर होतं. कोंबड्या, चूल, मा, सगळं त्या शब्दावर.

पा हातातली टोपी फिरवत राहिला.

"नाही, साहेब," तो म्हणाला.

"काय नाही?"

"ब्रदरनं मला काही शिकवलं नाही. ते सहा इयत्ता खोटं आहे. मी दोन हिवाळे गेलो, शेवटच्या बाकावर. गेल्या वर्षापर्यंत मला माझं नाव लिहिता येत नव्हतं." त्यानं आवाज कमी केला नाही, आणि फिर्मिनसकट सगळे ऐकत होते. "मला माझ्या पोरीनं शिकवलं. वर्तमानपत्रातल्या मान्नेकेसवरून. दहा वर्षांची आहे, ती बघा, बाहेर बसलीय. आभार मानायचेच असले तर तिला लिहा. थोरल्या अक्षरांत लिहा, म्हणजे मलाही पटकन वाचता येईल."

पहिला हसला तो फिर्मिन. मग बाकीचे. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, मग अर्जावर काहीतरी खोडलं. "निकाल पत्रानं कळेल," एवढंच म्हणाले.

बसमध्ये मी त्याच्यावर तुटून पडले. बापाशी असं बोलू नये, पण बोलले. "हो म्हणायचं होतंस! एक शब्द! आता गेलं सगळं! शार्लरवात जाऊन बस आता मावशीच्या खुर्चीत!" रडू आणि राग दोन्ही एकदम येत होतं, शेजारची बाई वळून बघत होती.

पा खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "घर गेलं तर दुसरं शोधू. पण तुझे आभार त्या ब्रदरला मिळाले असते तर ते मी कुठून परत आणले असते?"

मी घरापर्यंत त्याचा हात धरून बसले.

पाच दिवसांनी पत्र आलं. पाकिटावर पाचं नाव नव्हतं. 'कुमारी इर्मा स्प्राउत' असं होतं, हातानं लिहिलेलं, सगळी थोरली अक्षरं. मी फोडायला गेले तर पानं ते माझ्या हातातून घेतलं. मा भिजलेले हात घेऊन उभी. पानं कागद नाकासमोर धरला आणि ओठ न हलवता आधी डोळ्यांनी एकदा वाचून काढला. तसं मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. मग मोठ्यानं वाचलं, एकदाही न अडखळता.

"'तुमच्या विद्यार्थ्याला पूल दिला आहे! पहिल्या नोव्हेंबरपासून! आभार!'"